जुनाट दुखण्यावर कानातून करंट: जागा, जोडणी आणि मात्रा

टेन्स मशीन म्हणजे कमरेला, गुडघ्याला पॅड चिकटवून मुंग्या आणणारं यंत्र, हे फिजिओथेरपी घेतलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्याच प्रकारचा करंट अगदी कमी मात्रेत बाहेरच्या कानाच्या एका ठरावीक जागी दिला, तर मायग्रेन, कंबरदुखी, फायब्रोमायल्जिया (अंगभर स्नायू दुखत राहण्याचा आजार) अशा जुनाट दुखण्यात काही रुग्णांना उतार पडतो. घरी हा प्रयोग फसतो तो बहुधा करंट कमी पडल्यामुळे नाही. क्लिप चुकीच्या जागी लागलेली असते, कातडीशी तिची जोडणी नीट झालेली नसते आणि मग काहीच जाणवत नाही म्हणून करंट वाढवला जातो. जागा, जोडणी, मात्रा याच क्रमाने काम केलं, तर उपाय लागू पडतो की नाही हे दोन-तीन महिन्यांत स्वच्छ कळतं.

कानच का?

मेंदूच्या तळातून निघून गळा, हृदय, फुप्फुसं, पोट असा प्रवास करणाऱ्या व्हेगस नसेची एकच फांदी कातडीपर्यंत येते, ती कानात. कान साफ करताना काही जणांना घशात खवखव होऊन ढास लागते, ती याच फांदीमुळे. इथली कातडी हलकेच उद्दीपित केली की संदेश मेंदूच्या तळाशी जातो आणि तिथून नॉरअॅड्रेनालिन व सेरोटोनिन ही रसायनं तयार करणाऱ्या केंद्रांकडे पोहोचतो. वेदनेचे संदेश मणक्यातच अडवणारी शरीराची जी व्यवस्था आहे, तिला या केंद्रांकडून बळ मिळतं. थोडक्यात, सरकलेली चकती किंवा झिजलेला सांधा कानातल्या करंटने बदलत नाही, बदलतो तो वेदनेवरचा ब्रेक. म्हणून गोळीसारखा अर्ध्या तासात परिणाम धरून बसू नका.

आता पुराव्याचं. जर्मनीत २०१५ साली जुनाट मायग्रेनच्या ४६ रुग्णांवर १२ आठवडे, रोज ४ तास असा अभ्यास झाला. तुलनेसाठी ठेवलेल्या, म्हणजे सेकंदाला एकच लहर देणाऱ्या १ हर्ट्‌झच्या गटात २८ दिवसांमागे डोकेदुखीचे सुमारे ७ दिवस कमी झाले आणि ज्यावर भिस्त होती त्या २५ हर्ट्‌झच्या गटात सुमारे ३. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात ल्युपसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) १८ रुग्णांना ४ दिवस, रोज फक्त ५ मिनिटं उद्दीपन दिलं गेलं आणि खऱ्या उद्दीपनाच्या गटात सांधे-स्नायूंचं दुखणं व थकवा कमी झाला. आकडे आशा वाटावी असे आहेत, पण रुग्णसंख्या फार लहान आहे. चालू उपचारांना जोड म्हणूनच याकडे पाहावं.

सुयांचा प्रकार वेगळा, तो घरी नाही

फ्रान्समधल्या ल्यों शहरातले डॉ. पॉल नोजिए यांनी १९५०च्या दशकात कानावरच्या बिंदूंची पद्धत मांडली. पुढे व्हिएन्नात कानात बारीक सुया बसवून, कानामागे चिकटवलेल्या छोट्या बॅटरी-यंत्रातून करंट द्यायचं तंत्र आलं. तिथल्या कंबरदुखीच्या अभ्यासात १ हर्ट्‌झ, २ मिलिअँपिअर असा करंट आठवड्यातून एकदा सलग ४८ तास, असे ६ आठवडे दिला होता. अमेरिकेत याच जातीच्या उपकरणाला २०१९ साली ११ ते १८ वर्षांच्या मुलांच्या कार्यात्मक, म्हणजे तपासण्यांत दोष न सापडणाऱ्या पोटदुखीसाठी परवानगी मिळाली.

या सुया डॉक्टरांनीच, निर्जंतुक पद्धतीने बसवायच्या असतात. कानाच्या कुर्चेला, म्हणजे आतल्या लवचीक हाडाला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तो वरच्या पातळ आवरणातून मिळतो. तिथे एकदा जंतू शिरले की पू आवरण सोडवतो, कुर्चा मरते आणि कान कायमचा वेडावाकडा होतो. पुढे जे लिहिलं आहे ते फक्त कातडीवरून, सुई न टोचता द्यायच्या करंटबद्दल.

कोणी करू नये

पेसमेकर किंवा हृदयाला झटका देणारं यंत्र बसवलेल्यांनी, कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी आत बसवलेलं यंत्र) असलेल्यांनी, हृदयाचे ठोके मुळात मंद असलेल्यांनी किंवा हार्ट ब्लॉक (हृदयातला विजेचा संदेश अडणं, रक्तवाहिनीतला ब्लॉक नव्हे) सांगितलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे करू नये. फिट्सचा त्रास, वारंवार चक्कर येऊन पडणं, नुकताच हार्ट अटॅक, मानेतल्या व्हेगस नसेवरची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर स्वतःच्या डॉक्टरांच्या लेखी होकाराशिवाय सुरुवात नको. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारी) गोळी चालू असेल तर पल्स आधीच कमी असते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. चेहऱ्यावर विजेसारखी चमक मारणारा ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया असेल तर कानापुढचा करंट कळ उठवू शकतो. कान वाहत असेल, कातडी सोललेली असेल किंवा पावसाळ्यात होते तशी कानात बुरशी झाली असेल, तर आधी ते बरं करा.

दुखण्याचं निदान झालेलं असणं ही पहिली अट. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं नवं दुखणं, पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, छातीत किंवा जबड्यात दाटणारी कळ, यांतलं काहीही असेल तर मशीन बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

जागा शोधणं

आरशासमोर बसा आणि डावा कान पाहा. डावाच घेण्याचं कारण असं की हृदयाची गती ठरवणाऱ्या गाठीकडे प्रामुख्याने उजव्या बाजूची व्हेगस जाते, म्हणून सावधगिरीने बहुतेक अभ्यास डाव्या कानावर झाले.

कानाच्या भोकाच्या मागे आणि वर जी खोलगट वाटी आहे, तिच्यात करंगळी ठेवा. कानाची बाहेरची गोल कड पुढून खाली येते आणि तिची एक बारीक धार आडवी त्या वाटीत शिरते. बोट वर-खाली फिरवलं की ही धार नखाला अडखळते. धारेखालचा भाग भोकाला लागून असतो. धारेवरचा लांबट, होडीसारखा खळगा हीच आपली मुख्य जागा. करंगळीचं टोक तिथे जेमतेम मावतं. शरीररचनाशास्त्रात तिला सिंबा म्हणतात आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होडीच. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या कानाच्या विच्छेदनाच्या अभ्यासात या खळग्याला फक्त व्हेगसचाच पुरवठा आढळला.

दुसरी जागा म्हणजे भोकापुढची टिकली. गोंगाट नकोसा झाला की आपण बोटाने जी आत दाबून कान बंद करतो, ती. इथे क्लिप छान बसते, एक तोंड आत आणि एक बाहेर. मात्र इथे व्हेगसबरोबर इतर नसांचीही सरमिसळ आहे आणि जबडा जवळ आहे.

कानाची पाळी, जिथे कुडी घालतात, तिथे व्हेगसची फांदी नसते. कितीतरी अभ्यासांत ‘खोटा उपचार’ म्हणून मुद्दाम पाळीवर करंट देतात. बाजारात टेन्सबरोबर मिळणाऱ्या इअर-क्लिपा मात्र बहुतेक पाळीलाच लावायला सांगतात. चित्र पाहून तसं लावलं तर मुंग्या येतील, पण हा उपचार होणार नाही.

दोन्ही पाळ्यांना एकेक क्लिप लावून डोक्यातून अत्यंत सूक्ष्म करंट सोडणारी वेगळी उपकरणं असतात. ती मायक्रोअँपिअरवर चालतात, टेन्स त्याच्या कितीतरी पट देतं. म्हणून टेन्सच्या एका चॅनेलची एक वायर डाव्या कानाला आणि दुसरी उजव्या कानाला, असं कधीही करू नका. दोन्ही टोकं एकाच कानावर हवीत.

सामान

मशीन बॅटरीवर चालणारं हवं. चार्जिंगचं असेल तर कानाला लावण्यापूर्वी चार्जर काढलेला असावा. भिंतीच्या प्लगवर चालणारं दवाखान्यातलं मोठं मशीन, आयएफटी (दोन करंट एकमेकांत मिसळणारं फिजिओथेरपीचं यंत्र), स्नायू आकुंचित करणारं ईएमएस, गॅल्व्हॅनिक म्हणजे एकाच दिशेचा डीसी करंट, यांपैकी काहीही कानाला नको. डीसीने कातडीवर रासायनिक भाजणं होतं. लहरी दोन्ही दिशांच्या आणि समतोल हव्यात, माहितीपत्रकात त्यांना बायफेजिक म्हणतात.

खरेदी करताना सगळ्यात आधी पायरी पाहा. ८० मिलिअँपिअरपर्यंत जाणाऱ्या मशीनला २० पायऱ्या असतील तर एकेक पायरी ४ मिलिअँपिअरची झाली. कानाला साधारण अर्धा ते ३ मिलिअँपिअर लागतो, म्हणजे पहिल्याच पायरीला माणूस ओरडणार. अर्धा मिलिअँपिअर किंवा त्याहून बारीक पायरी असलेलं, कॉन्स्टंट करंट प्रकारचं, म्हणजे कातडीचा अडथळा बदलला तरी करंट ठरवलेलाच ठेवणारं डिजिटल मशीन घ्या. गोल बटणाच्या जुन्या मशीनमध्ये शून्यापासून केसभर फिरवलं तरी करंट उडी मारतो, ते कानासाठी निरुपयोगी. फ्रीक्वेन्सी १ ते २५ हर्ट्‌झ आणि करंटच्या प्रत्येक लहरीची रुंदी (पल्स विड्थ) २०० ते २५० मायक्रोसेकंद अशी हाताने ठरवता यायला हवी.

होडीच्या खळग्यासाठी दोन छोटे इलेक्ट्रोड (कातडीला टेकणारी करंटची टोकं) जवळजवळ असलेला तयार इअरपीस मिळतो. तो घेणार असाल तर त्याची पिन आणि तुमच्या मशीनची वायर जुळते का ते आधी बघा. तो नसेल तर टिकलीला बसेल अशी, आत कंडक्टिव्ह रबर असलेली क्लिप चालते. वायर सोलून, नाणं किंवा चमचा जोडून घरगुती इलेक्ट्रोड बनवू नका. कारण साधं गणित आहे. कमरेचा ५ बाय ५ सेंटिमीटरचा पॅड २५ चौरस सेंटिमीटरचा असतो, कानातला ६ मिलिमीटरचा गोल इलेक्ट्रोड पाव चौरस सेंटिमीटरच्या थोडा वर. तोच २ मिलिअँपिअर कानात जवळपास ९० पट दाट होऊन शिरतो. त्यातही इलेक्ट्रोड पूर्ण न टेकता एका कडेवर टेकला तर सगळा करंट सुईच्या टोकाएवढ्या जागेतून जातो आणि टोचतो, भाजतो.

याशिवाय ईसीजी जेल, कापूस, मेडिकलमध्ये मिळणारी १०० मिलिलिटर नॉर्मल सलाइनची बाटली, आरसा, पल्स दाखवणारं बीपी मशीन आणि एक वही.

पहिली बैठक

करंट द्यायच्या आधी १४ दिवस फक्त वही लिहा. रोज रात्री ठरावीक वेळी दिवसभराच्या दुखण्याला ० ते १० मधला एक आकडा, झोप किती तास, वेदनाशामक गोळ्या किती. हे दोन आठवडे गाळले तर पुढे आराम पडला की नाही हे अंदाजपंचे सांगावं लागतं, आणि चांगल्या दिवशी मागचं दुखणं कमीच आठवतं.

बैठकीच्या दिवशी डाव्या कानातलं सगळं उतरवा. कुडी, बुगडी, भिकबाळी, बारीकशी रिंगसुद्धा. धातू इलेक्ट्रोडला टेकला तर करंट तिकडेच गोळा होतो. चष्म्याची दांडी वायरला ढकलते, तोही काढा. आता तेल. केसांना लावलेलं खोबरेल कानाच्या वाटीत हटकून उतरतं आणि तेलाचा थर करंट अडवतो. स्पिरिटच्या बोळ्याने खळगा पुसा, दोन मिनिटं पूर्ण वाळू द्या, मग सलाइनच्या कापसाने ओलसर करा. इलेक्ट्रोडवर मुगाच्या दाण्याएवढं जेल पुरे. जास्त झालं तर दोन इलेक्ट्रोडमधल्या फटीत जेलचा पूल तयार होतो आणि करंट कानात न जाता जेलमधूनच परततो.

टेकून बसा, पाच मिनिटं शांत राहा, पल्स मोजून लिहा. मशीन बंद असतानाच इअरपीस बसवा. दोन्ही इलेक्ट्रोड कातडीला सपाट टेकले आहेत ना, आरशात पाहा. मशीनच्या पुस्तिकेत ऋण टोक कोणतं ते दिलेलं असतं, बहुधा काळी वायर. नस ऋण टोकाखाली लवकर जागी होते, म्हणून ते खळग्याच्या मध्यावर ठेवा.

सेटिंग असं: सरळ अखंड मोड, म्हणजे बर्स्ट (लहरींचे झुबके) नाही, मॉड्युलेशन (आपोआप कमी-जास्त होणारा करंट) नाही. २५ हर्ट्‌झ, २५० मायक्रोसेकंद, टायमर १५ मिनिटं. ३० सेकंद चालू, ३० सेकंद बंद अशी सोय असेल तर ती निवडा. दुखणं मायग्रेनचं असेल तर १ हर्ट्‌झने सुरुवात करणं वरच्या जर्मन अभ्यासाला धरून होईल. १ हर्ट्‌झला मुंग्या नसतात, सेकंदाला एक टिचकी जाणवते.

करंट शून्यावरून एकेक पायरी वाढवा, प्रत्येक पायरीला पाच सेकंद थांबा. कातडीखाली काहीतरी हुळहुळतंय असं पहिल्यांदा वाटेल तो आकडा लिहा. तसंच हळूहळू वर जा आणि टोचायला लागताक्षणी तोही आकडा लिहून लगेच खाली या. समजा हुळहुळणं ०.८ वर आणि टोचणं २.४ वर आलं, तर १.५ च्या आसपास ठेवा. स्पष्ट कळेल पण नकोसं वाटणार नाही, अशी ही जागा. पाच-सात मिनिटांनी कानाला सवय होऊन जाणीव पुसट होते. एक पायरी वाढवायला हरकत नाही, पण टोचण्याच्या आकड्याला हात लावायचा नाही. हे दोन्ही आकडे रोज नव्याने काढा, कारण घाम, हवेतला दमटपणा, जेलचं प्रमाण यांनी ते बदलतात.

संपल्यावर आधी करंट शून्यावर, मग मशीन बंद, मग इअरपीस. पल्स पुन्हा मोजा. लगेच झटकन उठू नका.

पहिला आठवडा दिवसातून एकदा १५ मिनिटं. काही त्रास नसेल तर दुसऱ्या आठवड्यापासून ३० मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. गाडी चालवताना, अंघोळीच्या वेळी, गॅसपाशी उभं असताना नको. झोप लागण्याचा संभव असेल तर टायमरशिवाय नकोच.

काय बिघडतं आणि का

सगळ्यात धोक्याची चूक ही: पाच-सहा पायऱ्या चढूनही काहीच कळत नाही, म्हणून माणूस चढतच जातो. खरं तर इलेक्ट्रोड अर्धवट सुटलेला असतो. तो बोटाने दाबला की वाढवलेला सगळा करंट एकदम आत जातो आणि सणसणीत झटका बसतो. चार पायऱ्यांत काही जाणवलं नाही तर शून्यावर या, मशीन बंद करा आणि मगच इअरपीसला हात लावा. तेल, वाळलेलं जेल, आतून तुटलेली वायर, या क्रमाने तपासा. वायर तुटलीय का हे पाहायला कमरेचा पॅड पायाच्या पोटरीवर लावून तीच वायर चालवून बघा.

सुरुवातीला गोड वाटणारा करंट पंधराव्या मिनिटाला बोचू लागला तर जेल किंवा कापूस वाळला आहे. उन्हाळ्यात पंख्याखाली हे लवकर होतं. पुन्हा ओलं करा, करंट कमी करून सोसत बसू नका.

दातात शिवशिवणं, जबडा किंवा पापणी फडफडणं म्हणजे करंट पुढे चेहऱ्याच्या नसांकडे सांडतोय. टिकलीच्या क्लिपने हे जास्त होतं. क्लिप मागे सरकवा किंवा रुंदी २०० मायक्रोसेकंदांवर आणा. तरी राहिलं तर टिकली सोडून खळग्याची जागा घ्या.

घशात हलकी खवखव किंवा एखादी ढास म्हणजे व्हेगसची फांदी जागी झाल्याची खूण, त्याने घाबरू नका. खोकला सुरूच राहिला तर दोन पायऱ्या उतरा. कानाला लाली आणि किंचित डोकेदुखी हे त्रास नेहमीचे. लाली तासाभरात गेली पाहिजे. दुसऱ्या दिवशीही लाल, दुखरी किंवा फोड आलेली कातडी दिसली तर पूर्ण बरी होईपर्यंत सुट्टी.

भोवळ, घाम सुटणं, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा पल्स ५० च्या खाली, यांपैकी काही झालं तर करंट ताबडतोब बंद. आडवं व्हा, पाय उशीवर वर घ्या. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुन्हा लावायचं नाही. छातीत धडधड किंवा दुखणं असेल तर वाट न पाहता दवाखान्यात.

एक चूक मशीनची नसते. चार दिवस बरं वाटलं की गोळ्या स्वतःच्या मनाने सोडल्या जातात. गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, ट्रॅमाडॉल अशी औषधं एकाएकी थांबवली की अस्वस्थता, घाम, झोप उडणं असा वेगळाच त्रास उभा राहतो आणि दुखणं उसळतं. गोळ्या कमी करायच्या त्या डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्याने. त्याच महिन्यात नवी गोळी, नवा व्यायाम, नवी गादी असंही नको, नाहीतर आराम कशाने पडला ते कळणार नाही.

आठव्या आठवड्याचा हिशेब

आठवा आठवडा संपला की शेवटच्या १४ दिवसांची सरासरी काढा आणि सुरुवातीच्या १४ दिवसांच्या सरासरीशी ताडून पाहा. २ गुणांची किंवा साधारण ३० टक्क्यांची घट ही रुग्णाला खरोखर जाणवणारी घट मानली जाते. सरासरी ७ होती आणि ५ किंवा खाली आली, तर बारा आठवड्यांपर्यंत तसंच चालू ठेवा. मग दिवसातून एकदा, पुढे दिवसाआड करत वही लिहीत राहा. आकडा पुन्हा चढला तर मागच्या वेळापत्रकावर परता. ७ वरून ६.५ झालं असेल तर करंट वाढवू नका. जागा आरशात पुन्हा तपासा, फ्रीक्वेन्सी २५ ची १ किंवा १ ची २५ करा आणि आणखी चार आठवडे द्या. त्यानंतरही आकडा हलला नाही तर थांबा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. बारा-चौदा आठवड्यांच्या रोजच्या नोंदी पुढचा उपाय ठरवताना त्यांच्या कामाला येतात.

इअरपीस दर वेळी ओल्या फडक्याने पुसून, सावलीत वाळवून ठेवा. वाळलेल्या जेलचा पांढरा थर इलेक्ट्रोडवर राहिला तर दुसऱ्या दिवशी तो अर्धाच टेकतो. रबर टणक झालं किंवा चिरलं की लगेच बदला. घरात दोघं जण हे मशीन वापरत असतील तर इअरपीसही दोन ठेवा.